सांकवाळहून निघालेल्या दोन वाटा

आमचे कुलदैवत वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. लहानपणी वर्षातून एकदा तरी बेळगावहून अनमोडचा घाट उतरून आम्ही तिकडे जात असू. घाट संपला, पोफळीची झाडे दिसू लागली, की आजी खिडकीबाहेर बोट दाखवून दरवर्षी तेच सांगायची, "देव मूळचे इथले नव्हेत हो. देव सांकवाळचे. फिरंग्यांनी देवळे मोडायला घेतली तेव्हा रातोरात नदीपलीकडे आणले." मग क्षणभर थांबून पुढचे वाक्य, तेही ठरलेले, "जे देवाबरोबर निघाले ते आपण. जे मागे राहिले ते बाटले."

आजीचे सोवळे कडक होते. पहाटे विहिरीचे पाणी, ओलेत्याने स्वयंपाक, कुणाचा पदर लागला तर पुन्हा अंघोळ. आम्हा मुलांना 'पवित्र' या शब्दाचा अर्थ तिच्या चुलीपाशी कळला. ज्याला कुणी शिवलेले नाही ते पवित्र. आमच्या शेजारी, कॅम्पच्या बाजूला, एक गोवेकर ख्रिस्ती मावशी राहत असत. लष्करी इस्पितळात परिचारिका होत्या. घरी कोकणी, बाजारात कानडी, आमच्याशी मराठी. एकदा त्या आईशी बोलताना त्यांच्या प्रार्थनेविषयी काही सांगत होत्या आणि बोलण्यात 'पवित्र जीवन' असा शब्द आला. त्या गेल्यावर आजी हळूच म्हणाली, "ह्यांच्यात सोवळे नाही, ओवळे नाही. मग पवित्र व्हायचे ते कसे?"

प्रश्नात कुचेष्टा नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हते. पुढे इतिहास शिकलो, शिकवला, निवृत्त झालो, तरी तो प्रश्न माझ्या मागे राहिला. त्याचे उत्तर मला सापडले ते आजीच्याच सांकवाळात. जे मागे राहिले त्यांच्यापैकीच एकाच्या चरित्रात.

* * *

आधी शब्दाचा विचार करू. मराठीत बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतात आणि त्या शास्त्रात पवित्र होण्याची हाक पुनःपुन्हा येते. जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथात ती आहे. देव स्वतः पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र व्हावे, असा तिचा आशय. मूळ इब्री शब्द 'कादोश'. त्यात वेगळे काढून ठेवल्याचा भाव आहे. म्हणजे आजीच्या सोवळ्यापासून तो फार दूर नाही. लेवीय ग्रंथात काय खावे, काय खाऊ नये, कशाला शिवू नये याचे नियम पानोपानी आहेत. आजीला ते वाचून दाखवले असते तर तिने मान डोलावली असती.

पण त्याच ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय वाचताना आपण थबकतो. पवित्र होण्याची हाक देऊन झाल्यावर तिथे सांगितले आहे ते असे : शेत कापताना कडेचे धान्य गरिबासाठी राखा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. वजनमाप खरे ठेवा. परक्या मुलखातला माणूस तुमच्यात येऊन राहिला तर त्याला आपल्याच मातीतल्यासारखा वागवा. सीमाभागातल्या माणसाने हे शेवटचे कलम दोनदा वाचावे.

नव्या करारात हीच हाक पेत्राच्या पहिल्या पत्रात पुन्हा येते. ते पत्र कुणाला लिहिले आहे? आशिया मायनरच्या निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेल्या, उपरे म्हणून राहणाऱ्या लोकांना. आपले गाव सोडून दुसऱ्यांच्या भाषेत दिवस काढणाऱ्यांना पवित्र जगण्याचे आवाहन केलेले आहे. हे लक्षात आले तेव्हा ते पत्र मला एकदम ओळखीचे वाटू लागले.

आणखी एक गंमत दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्यांनाच कळेल. गोव्याचे ख्रिस्ती लोक आपल्या साधुपुरुषाला 'सांत' म्हणतात आणि आपण मराठीत 'संत' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटते शब्द एकच. पण 'सांत' पोर्तुगीज, त्याचे मूळ लॅटिन 'सांक्तुस', म्हणजे देवासाठी राखलेला. आपला 'संत' आला तो संस्कृत 'सत्' वरून. दोन वेगळ्या डोंगरांतून निघालेल्या नद्या एका खाडीत मिळाव्यात, तसे हे दोन शब्द गोव्यात एकमेकांना भेटले. आणि कोकणी माणसाने तिसराच, आपल्या घरचा शब्द काढला : 'भागेवंत'. ज्याचे भाग्य थोर तो.

ज्याच्याविषयी मला लिहायचे आहे तो पुरुष सांतही आहे, संतही आहे आणि भागेवंतही. जुझे वाझ त्यांचे नाव.

* * *

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आईच्या गावी झाला. वडील सांकवाळचे. आपल्याकडे तुकोबांचे निर्वाण होऊन एक-दोन वर्षे झाली होती. साष्टीतली देवळे मोडून आणि लक्ष्मीनृसिंह वेलिंगला जाऊन जवळजवळ एक शतक लोटले होते. जुने गोवे येथे १५६० पासून इन्क्विझिशनची कचेरी होती आणि ती पुढे १८१२ पर्यंत राहिली. हा काळाकुट्ट भाग झाकून ठेवून वाझ यांचे चरित्र सांगता येणार नाही. ज्यांच्या पूर्वजांना देव पाठीवर घेऊन निघावे लागले त्यांनी तो विसरावा असेही मी म्हणणार नाही. पण १६५१ साली जन्मलेल्या मुलाने आपला धर्म निवडला नव्हता, तसा मीही माझा निवडलेला नाही. जन्माने जे पदरात पडले त्याचे त्याने काय केले, एवढेच पाहायचे.

वाझ कुटुंब ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. मुलगा हुशार होता. सांकवाळला पोर्तुगीज, बाणावलीला लॅटिन, मग जुन्या गोव्यात जेझुइटांचे आणि डोमिनिकनांचे उच्च शिक्षण, असे करीत तो १६७६ साली धर्मगुरू झाला. दीक्षा मिळाल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती जोडे सोडण्याची. गरीब लोक अनवाणी चालतात म्हणून तोही अनवाणी चालू लागला. पुढची पस्तीस वर्षे त्याचे चालणे थांबले नाही.

धर्मगुरू झाला खरा, पण एक दार बंद होते. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट हे जे युरोपियन साधूंचे संघ होते त्यांत गोव्याच्या मातीतल्या माणसाला प्रवेश मिळत नसे. म्हणजे पवित्र जीवनाची हाक सर्वांना, पण त्या जीवनाची जी रूढ वाट होती ती मात्र गोऱ्यांना. काळ्या कातडीच्या पाद्र्याने गावची इगर्जी सांभाळावी, वरिष्ठांच्या हाताखाली राबावे, यापलीकडे त्याची झेप जाईल असे कुणाला वाटतच नव्हते.

वाझ यांनी तक्रार केली नाही. सांकवाळला परत येऊन त्यांनी मुलांना लॅटिन शिकवायला शाळा काढली. आणि ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सव्विसाव्या वर्षी, सांकवाळच्या आरोग्यमातेच्या इगर्जीत एक दास्यपत्र लिहिले. आपण मारियामातेचे कायमचे दास आहोत, असा त्याचा भाव. त्या काळच्या गोव्यात गुलामांची खरेदी-विक्री उघड चालत असे. ज्याने बाजारात माणसे विकली जाताना पाहिली त्याने 'दास' हा शब्द नुसता अलंकार म्हणून लिहिला नसावा. नवविधा भक्तीतले दास्य आपल्याला ठाऊक आहे. त्याची ही साष्टीतली एक जात म्हणावी.

* * *

१६८१ साली वाझ यांना कानडी मुलखात पाठवले. मंगळूर, बसरूर, गंगोळी या पट्ट्यात गोव्यातून गेलेल्या कोकणी ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. राज्य केळदीच्या नायकांचे, गादीवर राणी चेन्नम्मा. हीच ती चेन्नम्मा, जिने पुढे १६८९ साली छत्रपती राजारामांना आसरा दिला. तेव्हा तिथे ख्रिस्ती लोकांत मोठा वाद होता. धर्मगुरू नेमण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाचा, की थेट रोमचा? मंगळूरला रोमने नेमलेले बिशप होते तोमास द कास्त्रो, तेही गोव्याचेच. गोव्याचे आर्चबिशप त्यांचा अधिकार मानायला तयार नव्हते. लोक बिचारे मध्ये सापडले. कुणाकडून लग्न लावून घ्यावे, कुणाकडून बाप्तिस्मा घ्यावा, हेच कळेना.

दोन सत्तांच्या भांडणात सामान्य माणसाचे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वाझ गोव्याच्या बाजूने पाठवलेले होते, म्हणजे एका पक्षाचे. तरी त्यांनी बिशप कास्त्रो यांच्याशी नम्रतेने बोलणी केली, भांडण पेटते ठेवले नाही आणि आपला वेळ गरिबांत घालवला. तीन वर्षांनी ते परतले.

ती तीन वर्षे गोव्यात वादळी होती. १६८३ च्या डिसेंबरात संभाजीराजांची फौज साष्टी आणि बारदेशात उतरली. मोगल शाहजादा कोकणात येतो आहे असे कळल्यावर जानेवारी १६८४ मध्ये ती माघारी गेली. त्याच १६८४ सालच्या जून महिन्याच्या २७ तारखेला गोव्याचा विजरई कौंट आल्व्होर याने एक फर्मान काढले. गोव्याच्या लोकांनी आपली भाषा सोडावी, पोर्तुगीज बोलावी, आणि त्यासाठी मुदत तीन वर्षांची.

त्यामागची हकीकत मासलेवाईक आहे. गावोगावच्या धर्मगुरूंना लोकांची भाषा आली पाहिजे असा चर्चचाच जुना नियम होता. त्या नियमाच्या बळावरच फादर स्टीफन्स यांच्यासारखा इंग्रज मनुष्य मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली सांकवाळपासून फार लांब नसलेल्या रायतूरला छापले गेले. पण पुढच्या पिढ्यांतल्या काही पाद्र्यांना एवढा खटाटोप नको होता. आपण लोकांची भाषा शिकण्यापेक्षा लोकांनीच आपली शिकावी, हे त्यांना सोपे वाटले. सरकारनेही तेच उचलून धरले.

फर्मानाची मुदत संपणार होती १६८७ मध्ये. ते साल वाचकांनी ध्यानात ठेवावे.

* * *

गोव्याला परतल्यावर वाझ जुन्या गोव्यातल्या एका टेकडीवर, चमत्कारांच्या क्रुसाच्या इगर्जीत गेले. तिथे काही गोवेकर पाद्री १६८२ पासून एकत्र राहून प्रार्थना आणि तपस्या करीत होते. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांच्यात दाखल झाले आणि त्यांनी त्या मंडळींना रीतसर रूप दिले. सोळाव्या शतकात रोममध्ये फिलिप नेरी या साधूने 'ओरेटरी' नावाची रीत सुरू केली होती, तिचे नियम त्यांनी घेतले. अशा रीतीने गोव्याच्या माणसांनी गोव्याच्या माणसांसाठी चालवलेला पहिला साधुसंघ उभा राहिला. बंद दारावर धक्के देण्यात वेळ न घालवता त्यांनी शेजारी दुसरे घर बांधले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या नव्या घराच्या दारालाही उंबरठा होता. संघात प्रवेश मिळे तो ब्राह्मण कुळातल्या ख्रिस्ती पाद्र्यांना. चारड्यांनी, म्हणजे क्षत्रिय कुळातल्यांनी, वेगळी वाट शोधली. गोऱ्यांनी यांना रंगावरून अडवले, यांनी दुसऱ्यांना कुळावरून. धर्म बदलला, देव बदलला, नावे बदलली, पण आजीच्या चुलीभोवतीची रेघ काही पुसली गेली नाही. सोवळे बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही वाहून गेले नाही, असे मी एकदा एका गोवेकर मित्राला म्हणालो, तेव्हा तो हसला आणि मग बराच वेळ गप्प बसला.

वाझ स्वतः त्या रेघेच्या आतले. म्हणूनच त्यांनी पुढे जे केले त्याला अर्थ आहे.

* * *

गोव्यात असताना त्यांच्या कानावर आले होते की, सिंहलद्वीपात ख्रिस्ती लोक आहेत, पण पाद्री एकही नाही. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून घेतले होते. डच हे प्रॉटेस्टंट. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हद्दपार केले आणि जो कोणी पाद्र्याला घरात लपवील त्याला देहदंड, असा हुकूम काढला. तीस वर्षे हे असेच चालले होते.

१६८६ साली वाझ गोव्याहून निघाले. बरोबर जुवांव नावाचा चाकर. मलबारचा किनारा धरून ते तुतिकोरिनला पोचले. पाद्र्याचा झगा उतरवून ठेवला आणि मजुराचा वेष केला. १६८७ साली एका होडीतून समुद्र ओलांडून ते मन्नारमार्गे जाफन्याला उतरले. विजरईची तीन वर्षांची मुदत भरली ती याच साली. तिकडे सरकार लोकांना त्यांची भाषा विसरायला लावत होते आणि इकडे सांकवाळचा एक माणूस, अंगावर फाटके वस्त्र घेऊन, परक्या लोकांची तमिळ भाषा तोंडात घोळवत होता.

हाल असे झाले की विचारू नये. वाटेतच हगवणीने दोघांनाही गाठले. चरित्रकार सांगतात की, एक बाई रोज पेज आणून देई, तिच्यावर ते जगले. अंगात थोडे बळ आल्यावर वाझ दारोदार भीक मागत फिरू लागले. गळ्यात जपमाळ असे. ती माळ पाहून कुणाचा चेहरा बदलतो, हे ते न्याहाळीत. अशा रीतीने एकेक घर कळत गेले. मग रात्रीच्या अंधारात प्रार्थना, बाप्तिस्मे, लग्ने. दिवसा पुन्हा भिकारी. १६८९ च्या नाताळच्या रात्री डचांनी छापा घातला. वाझ निसटले. जे लोक सापडले त्यांना मात्र भोगावे लागले.

ज्याच्या कुळात परक्याच्या हातचे पाणी चालत नव्हते तो कुणीही घातलेली भीक खात होता. 'वेगळे काढून ठेवलेला' हा कादोश शब्दाचा अर्थ मला इथे नव्याने कळला. वाझ वेगळे निघाले होते ते आपल्या गावापासून, कुळापासून, मानापासून. लोकांपासून नव्हे.

आणि जुवांव? त्याच हगवणीने तोही आजारी पडला, तीच पेज त्यानेही प्याली, तीच जोखीम उचलली. त्याने दास्यपत्र लिहिले नव्हते, तो जन्मानेच चाकर. त्याला कुणी सांत केले नाही. इतिहास लिहिणाऱ्याने अशा माणसापाशी क्षणभर तरी थांबावे, म्हणून इथे थांबलो.

* * *

१६९२ साली वाझ कँडीला गेले. डोंगरातले हे राज्य डचांच्या ताब्यात नव्हते. गादीवर विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध राजा. तिथे कुणीतरी चुगली केली की हा पोर्तुगीजांचा हेर. वाझ यांना कैद झाली. कैदेत त्यांनी काय केले? सिंहली भाषेचा अभ्यास. पुढे राजाचा संशय फिटला आणि वागणूक सैल होत गेली. दुष्काळात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी कथा आहे. पावसाचा दाखला मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून देणार नाही. भाविकांनी तो मानावा, तो त्यांचा अधिकार.

पण १६९७ सालच्या देवीच्या साथीविषयी मी छातीठोक बोलेन. कँडीत देवीचा रोग पसरला. राजा दरबार घेऊन शहराबाहेर गेला. लोक आपल्या घरच्या आजाऱ्यांना रानात नेऊन सोडू लागले. बापाने मुलाला, मुलाने बापाला. देवीच्या फोडांनी भरलेल्या देहाला शिवायचे कुणी? वाझ आणि गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यु, हे दोघे शहरात राहिले. रानातून आजारी उचलून आणले, त्यांच्यासाठी निवारे बांधले, जखमा धुतल्या, भरवले, मेलेल्यांना पुरले. त्यांत ख्रिस्ती थोडे, बौद्ध पुष्कळ. धर्म विचारण्याची ती वेळ नव्हती.

साथ ओसरल्यावर राजाने त्यांना आपल्या मुलखात मोकळेपणाने हिंडण्याची परवानगी दिली. डचांच्या मुलखात मात्र ते अखेरपर्यंत वेष पालटून फिरत राहिले. रोमचा वकील कार्दिनल तुर्नों पुढे हिंदुस्थानात आला तेव्हा वाझ यांना बिशप करण्याचा विचार निघाला. त्यांनी नकार दिला. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कँडीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या थडग्याचा आज पत्ता नाही.

त्यांच्यामागून गोव्याहून एकेक करून ओरेटरीचे पाद्री येत राहिले. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस १७०५ साली आले. या माणसाने सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत इतके ग्रंथ लिहिले की, सिंहलीतल्या कॅथलिक वाङ्मयाचा पाया घालण्याचा मान त्यांना दिला जातो. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव 'देव वेद पुराणय'. रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणातला 'पुराण' हा शब्द समुद्र ओलांडून कँडीच्या डोंगरात दिसला, तेव्हा मला दूरदेशी गावचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

* * *

वाझ यांचे मोठे चरित्र ओरेटरीतल्याच नेवऱ्याच्या सेबास्तियांव द रेगो यांनी लिहिले. ते १७४५ साली लिस्बनला छापले गेले. म्हणजे त्यांच्या साधुत्वाची साक्ष लवकरच नोंदली गेली. तरीही रोमने त्यांना 'धन्य' म्हटले ते २१ जानेवारी १९९५ रोजी, कोलंबोत, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या हस्ते. आणि 'सांत' म्हटले ते १४ जानेवारी २०१५ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते, तेही कोलंबोतच. मृत्यूनंतर तीनशे चार वर्षांनी. त्यांचा संघ तर १८३४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारनेच इतर साधुसंघांबरोबर मोडीत काढला होता. ज्यांचा संघच उरला नाही त्यांची बाजू रोमला मांडणार कोण?

पण या दिरंगाईच्या काळात एक मोठा बदल झाला. १९६४ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयी जो महत्त्वाचा लेख मंजूर केला, त्यातला एक पूर्ण अध्याय पवित्र जीवनाच्या हाकेविषयी आहे. ही हाक केवळ साधू-जोगिणींना नसून शेतकरी, कारकून, आईबाप, विधवा, आजारी, सगळ्यांना सारखीच आहे, असे त्यात सांगितले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर एक पत्र लिहिले आणि त्यात शेजारच्या घरात राहणाऱ्या साध्या माणसांच्या पावित्र्याचा मुद्दाम उल्लेख केला. १६७६ साली वाझ यांच्या तोंडावर जे दार बंद होते ते निदान कागदावर तरी सताड उघडले.

* * *

काही वर्षांपूर्वी मी एकाच दिवसात दोन्ही ठिकाणे केली. सकाळी सांकवाळ. आरोग्यमातेच्या जुन्या इगर्जीची आता फक्त दर्शनी भिंत उभी आहे. बाकीची इमारत एकोणिसाव्या शतकात आगीत गेली. भिंतीच्या मधल्या दारातून पलीकडे पाहिले तर गाभारा नाही, नुसते आभाळ. याच जागी दास्यपत्र लिहिले गेले. दुपारी जुवारी ओलांडून वेलिंगला गेलो. तळीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलो. गाभाऱ्यात देव होते. ते याच सांकवाळहून आलेले.

एका गावातून दोन वाटा निघाल्या. एका वाटेने माझे पूर्वज देव वाचवायला गेले आणि त्यांनी तो वाचवला, म्हणून मी आज कुणाच्या तरी पायाशी बसू शकतो. त्याबद्दल माझे मन कृतज्ञ आहे. दुसऱ्या वाटेने शंभर वर्षांनी एक अनवाणी माणूस गेला, त्याला काहीच वाचवायचे नव्हते, स्वतःलाही नाही. 'जे मागे राहिले ते बाटले' हे आजीचे वाक्य मला त्या पायरीवर बसून पुन्हा म्हणता येईना.

आजीला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिची शेवटची हकीकत सांगतो. खुब्याचे हाड मोडून ती सात महिने अंथरुणाला खिळली होती. पाठीला जखमा झाल्या. घरातल्या बायकांना तिला कुशीवर वळवणे जमेना. तेव्हा शेजारच्या मावशी रोज सकाळी चर्चला जाण्याआधी येऊ लागल्या. तिला वळवत, जखमा धूत, पावडर लावत, चादर बदलत. पहिल्या दिवशी त्या गेल्यावर आजीने आईकडून गंगाजल शिंपडून घेतले. दुसऱ्या दिवशीही घेतले. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ते मागायचे राहून गेले.

एके दिवशी मावशींना यायला उशीर झाला. आजी दाराकडे डोळे लावून बसली होती. त्या आल्या, नेहमीप्रमाणे हात धुऊन पुढे झाल्या. आजी म्हणाली, "आधी जरा पाणी पाज गं."

पाण्याचा तांब्या उशाशीच होता. आई पुढे झाली. आजीने तिला हातानेच थांबवले. मावशींनी तांब्या उचलला, आजीच्या मानेखाली हात घातला आणि तिला घोटघोट पाणी पाजले.

तो जुना प्रश्न आजीने पुन्हा कधी विचारला नाही.